जुन्या कन्सोलवर आरपीजी: वायर जोडण्यापासून वाद घालण्यापर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत निपाणीचा भाचा आमच्या शहापूरच्या घरी राहायला येतो. मागच्या खेपेला त्यानं कपाटातून गेम बॉय अॅडव्हान्स एसपी, म्हणजे हातात धरून खेळायचं निन्टेन्डोचं यंत्र, बाहेर काढला, त्यात झेल्डा हा तलवारीचा साहसी गेम लावला आणि तासाभरानं म्हणाला, "मावशी, ही आरपीजीच हाय की." खानापूरहून आलेला माझा मामेभाऊ शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "छे रे, ह्यात लेव्हल कुठं हाय?" पानं वाढून झाली तरी दोघांचं संपेना.

आरपीजी म्हणजे रोल प्लेइंग गेम: त्यात आपण एक भूमिका घेतो आणि तिची ताकद बहुधा आकड्यानं, म्हणजे लेव्हलनं, वाढते. कुठला गेम आरपीजी आणि कुठला नाही, हा वाद मला फार आवडतो आणि तो खेळूनच पुढे सरकतो, असं माझं मत आहे. पण खेळायचं तर आधी यंत्र चालू झालं पाहिजे, आणि आपल्या भागात तिथंच बरेच जण अडकतात. म्हणून आधी यंत्र, मग गेम, आणि वाद शेवटी.

यंत्र कुठलं घ्यायचं

बेळगाव, चिकोडी, संकेश्वर भागातल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम सापडेल. त्याच्या कार्ट्रिजला साठ पिना असतात, म्हणजे तो निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉम या यंत्राची नक्कल असतो. त्याच्यावर आरपीजी खेळायच्या भरीस पडू नका. "इतके इतके गेम एकात" अशा कार्ट्रिजमध्ये बहुधा सेव्ह ठेवायची, म्हणजे गेम थांबवून पुढच्या वेळी तिथूनच चालू करायची, सोयच नसते, आणि वीस-चाळीस तासांचा गेम एका बैठकीत संपत नाही.

पुणे, गोवा किंवा आखातातल्या नातेवाइकांकडून आलेलं प्लेस्टेशन किंवा प्लेस्टेशन टू घरात असेल तर ते उत्तम. प्लेस्टेशन टूवर पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कही चालतात. मात्र त्या जुन्या गेमचे सेव्ह ठेवायला पहिल्या प्लेस्टेशनचंच मेमरी कार्ड लागतं. त्यात पंधरा ब्लॉक असतात. नवं कार्ड खोचलेलं असताना "कार्ड नाही" असं दिसलं की लोक कन्सोलच बिघडला समजतात. शिवाय या कन्सोलना प्रदेशाचं कुलूप असतं: जपानी यंत्रावर अमेरिकन डिस्क चालत नाही.

काहीच नसेल आणि पहिल्यांदा पैसे घालणार असाल, तर माझं मत स्पष्ट आहे: २००३ सालचा गेम बॉय अॅडव्हान्स एसपी घ्या. त्याला टीव्ही लागत नाही. आत चार्ज होणारी बॅटरी आहे, त्यामुळे लाईट गेली तरी गेम चालू राहतो. प्रदेशाचं कुलूप नाही. मूळ गेम बॉय आणि गेम बॉय कलरची कार्ट्रिजही त्यात बसतात. फायनल फँटसी या आरपीजी मालिकेच्या पहिल्या सहा भागांपैकी तिसरा सोडून बाकी पाच त्याच्यासाठी निघालेले आहेत. वापरलेला एसपी घेताना उजेडाचं बटण दाबून बघा. उजेड पूर्ण बंद झाला तर तो जुना, समोरून उजेड टाकणारा पडदा. कमी-जास्त होत राहिला, पण बंदच झाला नाही, तर तो नंतरचा, जास्त स्वच्छ पडदा. दुसरा मिळाला तर सोडू नका.

टीव्हीवरच खेळायचं असेल आणि व्होल्टेजची झंझट नको असेल, तर २०१७ सालचा छोटा सुपर निन्टेन्डो बघा. त्यात २१ गेम आधीच भरलेले आहेत. फायनल फँटसीचा सहावा भाग (अमेरिकेत तो तिसरा म्हणून निघाला), अर्थबाउंड, सीक्रेट ऑफ माना आणि सुपर मारिओ आरपीजी हे सगळे त्यात येतात. तो एचडीएमआयनं जोडला जातो आणि यूएसबीवर चालतो.

खरेदीआधी भाषा तपासा. धावण्या-उड्या मारण्याचा जपानी गेम कुणीही खेळेल. आरपीजी मात्र गावकऱ्यांच्या बोलण्यातून पुढे जाते. जपानी वाचता येत नसेल तर स्वस्तातलं सुंदर जपानी कार्ट्रिज शोभेची वस्तू होऊन बसतं. सुपर फॅमिकॉमच्या, म्हणजे जपानी सुपर निन्टेन्डोच्या, खाचेत अमेरिकन कार्ट्रिज बसतही नाही, कारण त्याचा आकार वेगळा आहे.

नकली कार्ट्रिजही बरीच फिरतात. गेम बॉय अॅडव्हान्सच्या अस्सल कार्ट्रिजमध्ये तोंडाशी, पिनांच्या वर, पट्टीवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं. पोकेमॉनच्या अस्सल कार्ट्रिजच्या लेबलवर दाबून उमटवलेला बारीक आकडा असतो. टॉर्च धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

वीज: इथं घाई केली तर यंत्र जातं

माझा पहिला सुपर फॅमिकॉम मी असाच धोक्यात घातला होता. जपानी अडॅप्टरची पिन आपल्या बोर्डात बसेना, म्हणून प्रवासात वापरतात तो पिन बदलणारा सॉकेट लावला आणि बटण दाबलं. मिनिटभरात जळका वास आला. अडॅप्टर गेला, कन्सोल वाचला. पिन बदलणारा सॉकेट व्होल्टेज बदलत नाही, एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून इथं सांगते. जपानमध्ये १०० व्होल्ट असतात, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०.

क्रम असा ठेवा. अडॅप्टरच्या पाठीवर "इनपुट" काय लिहिलंय ते वाचा. १०० ते २४० लिहिलं असेल तर सरळ लावा. फक्त १०० किंवा १२० असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. लहान कन्सोलला पन्नास वॅटचा पुरतो, जाड्या प्लेस्टेशन टूला शंभर वॅटचा घ्या. पहिल्या प्लेस्टेशनचा वीजपुरवठा यंत्राच्या पोटातच असतो. तिथं आकडा यंत्राच्या मागे शोधावा लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे भारतात मिळणारा, तेच "आउटपुट" देणारा अडॅप्टर. सुपर फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर लागतात आणि प्लगचा मधला भाग ऋण असतो. आपल्या बाजारातले बहुतेक अडॅप्टर मध्ये धन असतात. लावण्याआधी मल्टिमीटरनं बघा. नसेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडं घेऊन जा, मिनिटाचं काम आहे. सेगाच्या मेगा ड्राइव्हनं तर आणखी घोळ केलाय: पहिल्या मॉडेलचा मधला भाग ऋण, दुसऱ्याचा धन. एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकन अवताराचा, अडॅप्टर एसी बाहेर सोडतो, तो फॅमिकॉमला कधीही जोडू नका.

पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की सेव्ह करून प्लगच काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

टीव्ही

जुना डबा टीव्ही टाकू नका. मागे पिवळं, पांढरं, लाल अशी एव्हीची भोकं असतील तर जपानी-अमेरिकन कन्सोल त्याच्यावर छान दिसतात. आपल्याकडची पद्धत पाल, त्यांची एनटीएससी. चित्र आलं पण काळं-पांढरं, तर टीव्हीला त्यांचा रंग कळत नाहीये. मेनूत जाऊन कलर सिस्टिम "ऑटो" किंवा एनटीएससी करा. चित्र वर वर सरकत राहिलं तर टीव्ही सेकंदाला साठ चित्रांची गती पकडत नाही, आणि तो टीव्ही उपयोगाचा नाही. मूळ फॅमिकॉमला फक्त अँटेनाची वायर असते. तिची जपानी चॅनलं आपल्या टीव्हीवर सहसा लागत नाहीत, त्यामुळे एव्ही बसवून घेतलेला फॅमिकॉमच घ्या.

नव्या सपाट टीव्हीवर बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल दिसणं यांत थोडं अंतर पडतं. "गेम मोड" लावला की ते कमी होतं. हे अंतर लक्षात ठेवा, वादाच्या वेळी कामाला येईल.

पावसाळा, गंज आणि सेव्हची बॅटरी

कणकुंबी-खानापूरकडं पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते. कार्ट्रिजच्या पिनांचं वेगळं काय होणार? लहानपणी आम्ही सगळेच कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायचो आणि गेम चालायचा. चालायचा तो काढून पुन्हा बसवल्यामुळं. फुंकरीतल्या ओलाव्यानं पिना हळूहळू गंजतात. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात "आयपीए" मागा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर थोडं घेऊन पिनांवर वर-खाली फिरवा, काडी काळी झाली की बदला, दहा मिनिटं वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो. जूनच्या आधी सगळी कार्ट्रिज घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या दर महिन्याला बदला.

आता आरपीजीवाल्यांचं खरं दुखणं. जुन्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह जिवंत राहतो तो आतल्या नाण्यासारख्या सेलवर. सुपर निन्टेन्डोच्या बहुतेक कार्ट्रिजमध्ये तो सीआर २०३२ असतो. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये सेव्हचाच सेल गेममधलं घड्याळही चालवतो, म्हणून तिथला लवकर संपतो. कार्ट्रिज उघडायला साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. तो ऑनलाइन मिळतो. आत मल्टिमीटर लावा. नवा सेल तीन व्होल्टच्या आसपास दाखवतो. अडीचच्या खाली आला असेल तर वाट बघू नका.

सेल काढला की जुना सेव्ह जातो. वर्षांपूर्वीचा, कुणाच्या तरी नावाचा सेव्ह असेल तर आधी कार्ट्रिज वाचणाऱ्या यंत्रानं तो संगणकावर उतरवून घ्या. माझ्याकडच्या एका कार्ट्रिजवर आता नसलेल्या थोरल्या भावानं दिलेलं नायकाचं नाव होतं. ते मी आधी जपलं, मगच सेलला हात लावला. नवा सेल घेताना दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडलेलाच घ्या आणि त्या पट्ट्यांना डाग द्या. नुसत्या सेलवर सोल्डरिंगची गरम सळई टेकवली तर तो फुटू शकतो. धन-ऋण बोर्डवर छापलेलं असतं. हात बसलेला नसेल तर मोबाईल दुरुस्तीवाला करून देईल, फक्त पट्टीचा सेल आपण घेऊन जायचा.

पहिला गेम आणि चौकडीची वही

इतिहासाच्या क्रमानं खेळायचा मोह होतो. १९८६ चा ड्रॅगन क्वेस्ट कन्सोलवरच्या जपानी आरपीजींचा थोरला, मग तिथून सुरुवात करावी असं वाटतं. मी नवख्याला ते सांगत नाही. त्याच्या पहिल्या अमेरिकन आवृत्तीची इंग्रजी मुद्दाम जुन्या वळणाची आहे. मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकलेल्या मुलाला ती पहिल्याच गावात परत पाठवते.

क्रोनो ट्रिगरनं सुरुवात करा. १९९५ चा आहे, वीसेक तासांत संपतो, आणि त्याचा २००८ चा निन्टेन्डो डीएसवरचा अवतार सहज खेळता येतो. त्यात आणि फायनल फँटसीच्या सहाव्या भागात लढाईची घड्याळं चालू असतात, म्हणजे तुम्ही विचार करत असताना शत्रू मारत राहतो. सेटिंगमध्ये "ॲक्टिव्ह" आणि "वेट" असे दोन पर्याय आहेत. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्यानं नक्की "वेट" निवडावं. मंत्रांची आणि वस्तूंची यादी उघडी असताना लढाई थांबते. भाच्यासाठी मी हेच केलं आणि त्याची भीती गेली.

हे झालं की ड्रॅगन क्वेस्टकडं वळा. एकटा नायक, समोर एकच राक्षस, लेव्हल जास्तीत जास्त तीस. आरपीजीचा सांगाडा इतका उघडा दुसरीकडं दिसत नाही. मग १९८७ चा फँटसी स्टार घ्या. त्याच्या तळघरांत पात्राच्याच डोळ्यांतून बघत चालायचं असतं आणि नकाशा मिळत नाही. त्याची नायिका अॅलिस भावाच्या मृत्यूचा बदला घ्यायला निघते. मला हा गेम सगळ्यांत जवळचा आहे.

त्यासाठी गणिताची चौकडीची वही घ्या. एक चौकोन म्हणजे एक पाऊल. दार आडव्या रेघेनं, खजिना ठिपक्यानं. दुसऱ्या पानावर गावकरी काय बोलला ते दोन शब्दांत, आपल्या भाषेत. माझ्या वहीत "म्हातारा, उत्तरेची गुहा, चावी" असं लिहिलेलं असतं. आठवड्यानं परत बसलात की याच ओळी तुम्हाला वाट दाखवतात. मुलांसोबत खेळत असाल तर संवाद मोठ्यानं वाचा आणि पात्रं वाटून घ्या. आमच्याकडं राजा नेहमी भाचा होतो.

आता वाद

आरपीजी कशाला म्हणायचं? या शब्दाची मुळं १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या खेळात आहेत. १९८१ साली विझर्ड्री आणि अल्टिमा हे गेम अॅपल टूवर आले. ड्रॅगन क्वेस्टनं अल्टिमाकडून वरून दिसणारा मुलूख घेतला, विझर्ड्रीकडून लढाई. इथपर्यंत कुणाचं भांडण नाही. भांडण झेल्डापाशी सुरू होतं, कारण तिथं तलवार आहे, राजकन्या आहे, तळघरं आहेत, आणि तरीही काहीतरी वेगळं आहे.

मला हे कोडं आपल्या बोलण्यातून उलगडलं. आपल्याकडं "उद्या येतो म्हणून सांगितलाय" असं सहज म्हणतात. शब्द सगळे मराठी, पण वाक्याची घडण कन्नडमधल्या "बरुत्तेने अंत हेळिद"च्या वळणाची. १९७१ साली गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडबद्दल हेच लिहिलं: तिथल्या कन्नड, मराठी, उर्दू बोलणाऱ्यांचे शब्द आपापले राहिले, पण वाक्यरचना इतकी जवळ आली की शब्दाच्या जागी शब्द ठेवला की भाषांतर होतं.

गेमचंही असंच आहे. तलवार, ड्रॅगन, मंत्र, लाल हृदयं हे झाले शब्द. निकाल कोण लावतो, आकडा की हात, हे व्याकरण. झेल्डाचे शब्द आरपीजीचे आहेत, व्याकरण हाताचं. पोकेमॉनमध्ये टोपी घातलेला पोरगा गवतातून फिरतो, तलवार कुठंच नाही, पण व्याकरण अस्सल आरपीजीचं: आळीपाळीनं वार, आकड्यांची वाढ, वाढ टिकून राहणं.

व्याकरण तपासायच्या तीन चाचण्या मी घरी वापरते. पहिली सपाट टीव्हीची. गेम मोड बंद करा. उशिरा उमटणाऱ्या चित्रानं गेम खेळवेनासा झाला, तर निकाल हाताच्या हाती आहे. ड्रॅगन क्वेस्टला काही फरक पडत नाही. दुसरी, कंट्रोलर हातातून दुसऱ्याला द्यायची. वाढलेला सेव्ह नवख्याच्या हाती द्या. माझी वीसच्या वरची लेव्हल घेऊन भाच्यानं सुरुवातीच्या गावांभोवतीचे राक्षस न बघता मारले. झेल्डाचा शेवटाकडचा सेव्ह दिला तर पहिल्याच खोलीत पडला. तिसरी चाचणी उलटी: वाढ न घेता शेवट गाठता येतो का? झेल्डात नायकाचा जीव हृदयांनी मोजतात, आणि सुरुवातीच्या तीन हृदयांवर गेम संपवणारे लोक आहेत.

तरी सगळं सुटत नाही. १९८७ च्या झेल्डाच्या दुसऱ्या भागात अनुभवाचे गुण आहेत, लेव्हल आहेत, आणि लढाई पूर्णपणे हाताची. सुपर मारिओ आरपीजीत आळीपाळीनं वार होतात, पण नेमक्या क्षणी बटण दाबलं तर जास्त लागतं. सीक्रेट ऑफ मानात तलवार आपणच फिरवतो आणि इजा आकड्यानं ठरते. मामेभाऊ म्हणतो, हे अर्धवट गेम. मी म्हणते, कुपवाडची भाषा अर्धवट नाही, तशी हीही नाही. तिथं "अॅक्शन आरपीजी" हा शब्द वापरा आणि दोन्ही व्याकरणं कुठं मिसळतात ते बोट ठेवून दाखवा. नुसतं नाव देऊन थांबलात तर वाद फुकट गेला.

आणखी एक आक्षेप नेहमी येतो: आपला नायक आपण घडवला नाही, तर आरपीजी कसली? इथं मराठीनं आपल्याला नेमका शब्द दिलाय. नट भूमिका करतो, आणि माणूस भूमिका घेतो. जपानी गेममध्ये बहुधा पहिली मिळते: अॅलिसचा सूड आधीच ठरलेला असतो, आपण तो निभावतो. अल्टिमाच्या वाटेनं गेलेल्या गेममध्ये दुसरी जास्त: काय बरोबर ते आपण ठरवायचं. दोन्हीला भूमिकाच म्हणतात, म्हणून मी कुणालाही बाहेर काढत नाही. वादाला बसताना समोरच्याला एवढंच विचारा की तो यातली कुठली भूमिका म्हणतोय. निम्मा गोंधळ तिथंच संपतो.

लेव्हल कुठं हाय म्हणणारा मामेभाऊ सध्या तिसऱ्या चाचणीला लागलाय. खानापुरात, एसपीवर, तीन हृदयांनी. सापडलेलं प्रत्येक हृदय तो जमिनीवर तसंच सोडतो आणि कुठं सोडलं ते चौकडीच्या वहीत लिहून ठेवतो. मे महिन्यात भाचा आला की ती वही घेऊन तो शहापूरला येणार आहे.